किरणच्या टेबलावरची करवत

८ सप्टेंबर, सोमवार

लिहायला घेतलं, कारण घरात बोलायला कोणी नाही. हे आहेत; पण मार्चात आमचा मुलगा किरण वारला तेव्हापासून यांचं बोलणं ‘हं’ आणि ‘नको’ एवढ्यावर आलं आहे. आज मात्र पूर्ण वाक्य बोलले. छाटणीची टोळी दारात आली होती. हे ओट्यावरून उठले नाहीत, टोळीकडे पाहिलंही नाही. म्हणाले, “माझ्या बागेत कोणी हत्यार लावायचं न्हाई.” टोळी परत गेली. मुकादम जाताना मला हळूच, “आक्का, आता आम्ही दिवाळीपस्तोर मोकळं न्हाई बरं का.”

डाळिंबाची छाटणी आता झाली नाही तर या वर्षी फळ नाही, आणि तेल्या लागलेल्या फांद्यांचा रोग सगळ्या बागेभर. झाडं किरणने लावलेली, बारावीच्या सुट्टीत. खड्डे त्याने खणले, पाणी यांनी घातलं. आता हे बागेकडे पाठ करून बसतात.

मला असं बसता येत नाही. उद्यापासून मी छाटणार.


९ सप्टेंबर, मंगळवार

कात्रीने शेंडे जमले. जाड फांदीला हातकरवत लावली, अर्ध्यात मनगट गेलं. एक झाड. दुपारपर्यंत एकच.

जाऊबाई नंदा बांधावरून, “आक्का, बी.ए.च्या पेपरात हे नव्हतं व्हय?” नव्हतं, म्हटलं. तिने येऊन उरलेली फांदी तोडून दिली. हसली नाही, हे बरं केलं.

बॅटरीची छोटी करवत मिळते, एका हातात धरायची. ती आणायची.


११ सप्टेंबर, गुरुवार

एसटीने शिरूर. बाजारपेठेतली दुकानं पालथी घातली.

खरं ते इथे लिहिते, कारण दुकानात सांगता आलं नाही. मला कोणतीही करवत नको होती. कि., पूर्ण नाव लिहवत नाही, रांजणगावला ज्या कंपनीत होता तिथे ह्याच करवती तयार व्हायच्या. घरी आला की म्हणायचा, “आई, आज माझ्या हातून किती गेल्या सांगू का?” मी म्हणायचे, आधी हात धू. त्यातली एक मला हवी आहे. त्याच्या हातून गेलेली.

पहिल्या दुकानात तरुण मालक. “मावशी, हे घ्या. एकदम हलकं. बायकापण चालवतात.”

“बायकापण म्हणजे?”

त्याने खोकं पुढे सरकवलं. मी चष्मा लावून खोक्याची मागची बाजू वाचली. बारीक अक्षरात: चीनमध्ये बनवलेले. दुसरं काढायला लावलं. तेही चीन. तिसऱ्यावर नाव चांगलं मराठी, वर वाघाचं चित्र, खाली चीन.

“इथं बनलेलं नाही का?”

“मावशी, तुम्हाला फांदी तोडायची का देशसेवा करायची?”

दुकानातली माणसं हसली. मी म्हटलं, “फांदीच. पण खोकं मी वाचणार.” वाचून परत दिलं. बाकी दुकानांत हाच प्रकार. कि.च्या कंपनीची खोकी होती, पण सगळी या उन्हाळ्यानंतरची, आणि त्यांच्यावरही चीन. कंपनी रांजणगावला, माल तिकडचा, हे कसं?

हात हलवत परत. यांनी विचारलं नाही कुठे गेले होते.


१३ सप्टेंबर, शनिवार

दत्ता आला होता. कि.च्याच टेबलावर कामाला होता. कि. गेला तेव्हा खांदा द्यायला होता, त्यानंतर आज. आता कुरकुंभला औषधांच्या कारखान्यात लागला आहे. अंगाला तिथला वास. बसायलाही लाजत होता. “काकी, कपडे बदलून यायला पायजे व्हतं.”

विचारलं त्याला. म्हणाला, लाइन जूनमध्येच बंद केली. आता पेट्या बंदरावरून तयार येतात, रांजणगावला फक्त स्टिकर लागतो. सगळ्यांना कमी केलं.

मग कपाकडे बघत, “काकी, खरं सांगू का? तवा बी मोटर तिकडचीच. चेन तिकडची, बॅटरीतले सेल तिकडचे. आम्ही आतला माल बसवून दोन्ही कवचं जोडायचो, स्क्रू मारायचो आन् बटण दाबून बघायचो. बस.”

“स्क्रू कोण मारायचं?”

“कवा मी, कवा किरण. एकानं मारायचं, दुसऱ्यानं तपासायचं.”

“मग हात लागायचाच त्याचा.”

“लागायचा की.”

खोक्यावर महिना असतो आणि टेबलाचं अक्षर. त्यांचं टेबल सी. पण टेबल एक, पाळ्या तीन. दत्ता म्हणाला, “तिसरा हिस्सा आमचा, काकी. बाकीचा दोन पाळ्यांचा. ओळखायचं कसं?”

तिसरा हिस्सा चालेल, म्हटलं.

हे आत पडून होते. दत्ता जाताना दारातून “येतो काका” म्हणाला. यांनी कूस बदलली, ऐकत होते.


१६ सप्टेंबर, मंगळवार

दौंड. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात विचारलं: कि.च्या कंपनीची करवत, मार्चच्या आधीची, टेबल सी. मालकाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“मॅडम, वजनमाप खात्यातून का?”

“नाही. घरची बाग आहे.”

“मग जुनं कशाला मागताय? लोक तारीख बघून ताजं मागतात, तुम्ही शिळं मागताय. बॅटरी बसली असेल त्याची.”

“बसू दे.”

माळ्यावर नोकर चढवला. वरून एकेक खोकं, मी एकेक वाचलं. पाचसहा खोक्यांवर ए, बी. मग एक धुळीने भरलेलं, एक कोपरा उंदराने खाल्लेला. जानेवारी. सी.

मालकाने चार्ज लावून चहा मागवला. मग लाकडी पेटीची एक फळी कापून दाखवली. चालली. “नशीबवान आहात,” म्हणाला. मी पैसे मोजले.

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. खोकं मांडीवर. शेजारची बाई म्हणाली, खाली ठेवा की, पाय दुखतील. नाही ठेवलं.


१८ सप्टेंबर, गुरुवार

चालवली. हातभरसुद्धा नाही, वजन पाण्याने भरलेल्या तांब्याएवढं. जाड फांदीतून अशी जाते की आपण काही केलं असं वाटतच नाही. मुठीजवळ कवच जुळतं तिथे स्क्रू आहेत, बोटाला लागतात.

आवाज मात्र मोठा. पहिल्या फांदीलाच घरातली खिडकी धाडकन लागली. यांनी लावली. मी थांबले नाही.

नंदा कापलेल्या जागी, रोग शिरू नये म्हणून, बोर्डोची पेस्ट लावत मागून. “आक्का, तुमचा एकटीचा आवाज कमी पडत व्हता व्हय, आता मशीन बी आणलं!” पहिल्यांदा हसले मी कित्येक दिवसांत. मग तिला दोन शब्द सुनावले, पेस्ट सांडत होती म्हणून.

कोणाची आहे हे तिला सांगितलं नाही. यांनाही नाही.


२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.

वर्ष झालेलं नाही, म्हणून त्याचं पान नाही. यांच्या आईवडिलांचंही या वर्षी केलं नाही. नंदाने तिच्याकडचं ताट पाठवलं. हे जेवले नाहीत. मी जेवले, उद्या काम आहे.

पाऊस. बागेत पाय रुततो.


२६ सप्टेंबर, शुक्रवार

दोन दिवस उघडीप. निम्मी बाग झाली. संध्याकाळी करवत पुसत होते, हे दारात येऊन उभे राहिले. मग:

“कुठली?”

सगळं सांगितलं. शिरूर, दौंड, जानेवारी, सी. दत्ता काय म्हणाला तेही, तिसऱ्या हिश्श्याचंही. लपवून काय करायचं.

यांनी ती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. अंगठा त्या स्क्रूंवरून फिरवला. मी सांगितलं नव्हतं तरी तिथेच गेला. मग पाटावर ठेवली, नीट, लहान मूल निजवावं तशी, आणि आत गेले.

रात्री ‘भाकरी वाढ’ म्हणाले. मागून घेतली.


१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

सण नाही या वर्षी. मी ठरवलं होतं, कोणतंही हत्यार पुजायचं नाही. सकाळी नंदाबरोबर न्हावऱ्याला गेले होते, औषध आणायला. परत आले तर अंगणात पाट मांडलेला.

हे बोअरच्या पाइपाशी बसले होते. अंगावर बनियन, गुडघ्यापर्यंत भिजलेले. यांच्या वडिलांपासूनची रीत, नवमीला घरातलं प्रत्येक हत्यार घासून धुवायचं, त्या दिवशी ते चालवायचं नाही. पाटावर कुऱ्हाड, कोयते, खुरपी, कात्र्या, हातकरवत, कि.चे पाने, सगळं घासून चकचकीत. मधोमध ती. सर्वांत स्वच्छ ती. दातांमधला भुसा काढलेला, कवचाच्या फटींतूनसुद्धा. बॅटरीसकट धुतलेली. सगळीकडे हळदकुंकू, बॅटरी बसते त्या खाचेतही कुंकवाचं बोट. झेंडू आमचे नाहीत. कोणाच्या तरी बांधावरून स्वतः जाऊन आणले. म्हणजे घराबाहेर पडले.

नंदाने तोंडावर हात नेला. मी तिचा दंड धरला, जोरात. तिला कळलं, यांना पाण्याचं सांगायचं नाही.

“नारळ हाय का घरात?” यांनी विचारलं.

आहे, म्हटलं. आणून दिला. यांनी फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

सहा महिन्यांत यांना असं बघितलं नव्हतं. कपाळाला कुंकू लागलेलं, कामाने तोंड लाल. मी खोबरं खाल्लं. पाण्याचं आज बोलायचं नव्हतं.


२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

हे पहाटेच बागेत गेले. मार्चनंतर पहिल्यांदा. हातकरवत घेऊन.

मी गोठ्यामागे जाऊन बटण दाबलं. काही नाही. बॅटरी काढून बघितली. खाचेतून लालसर पाणी ओघळलं. उन्हात ठेवली, दुपारी परत दाबलं. काही नाही. चार्जरला लावली, दिवा लागत नाही.

संध्याकाळी यांनी विचारलं, “आज ती न्हाई चालवली?”

“चार्जिंग नाही,” म्हटलं. 


४ ऑक्टोबर, शनिवार

दत्ताला बोलावलं. हे बागेत होते. त्याने कानाशी धरून हलवली, नाकाशी नेली.

“आत पाणी राहिलंय, काकी. बोर्ड गेला असंल, नायतर नुसता गंज. खोलल्याशिवाय समजायचं न्हाई.”

“तांदळात घालून ठेवली तर?”

“मोबाइल न्हाई हा.” मग लगेच, “चिडू नका.”

“मग खोल.”

त्याने पेचकस काढला. स्क्रूवर टेकवला. टेकवून तसाच बसला. मी बघतेय, हात फिरत नाही. शेवटी पेचकस खिशात घातला.

“माझे असते तर काढले असते ओ. त्याचे असतील तर…”

दौंडला कंपनीचं दुरुस्ती केंद्र आहे, तिथे द्या, म्हणाला. पाण्याचं कळलं की फुकट करणार नाहीत, पण करतील.

करवत साडीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवली. कि.च्या शर्टांच्या कप्प्यात. नाही खोलायची.


७ ऑक्टोबर, मंगळवार

हे रोज बागेत. उजवा खांदा उचलत नाही, तरी हातकरवत सोडत नाहीत. रात्री तेल लावून देते. उरलेल्या ओळी जाड खोडांच्या आहेत, सर्वांत जुन्या. या वेगाने महिना जाईल, आणि पानं गाळायची फवारणी त्याआधी हवी.

नंदा म्हणते, दुसरी आणा. “चायनाची तर चायनाची. फांदीला काय कळतंय?” बरोबर आहे तिचं. शिरूरला जाऊन अर्ध्या दिवसात आणता येईल. मग म्हणाली, “भावजींना भाईर काढलं ना तिनं, झालं की मग तिचं काम.” हे मात्र मला नाही आवडलं. तिला तसं सांगितलं.

दुसरी आणायला उठले नाही.


९ ऑक्टोबर, गुरुवार

जेवताना हे, ताटाकडे बघत, “बंद पडली ना? मी धुतली म्हणून.”

किती दिवस ठाऊक होतं कोण जाणे.

“हो.”

“दुरुस्त व्हती का?”

“खोलावी लागते. स्क्रू काढून.”

घास तसाच हातात. मग खाल्ला. “मग खोलू दे.”

“नको.”

“नको काय? झाडं तशीच उभी हायती.”

“दुसरी आणते झाडांना.”

“आन् ही?”

“ही राहू दे कपाटात.”

“कपाटात ठेवून काय करणार, पूजा?” यांचा आवाज चढला. “मी सहा महिनं तेच केलं. भिताडाकडं तोंड करून. आता तुझी पाळी व्हय?”

मी म्हटलं, तुम्ही गप्प बसलात तेव्हा घर मी ओढलं, तेव्हा कुठे होतात. मग जे तोंडाला येईल ते. यांनीही. शेवटी हे म्हणाले, “त्यानं बनवली ती फांदी तोडायला बनवली. तुझ्या कपाटासाठी न्हाई.”

नंदा धावत आली, काय झालं म्हणून. दारात उभी राहून आम्हा दोघांकडे बघितलं. “भांडताय व्हय?” म्हणाली. “भांडा, भांडा.” आणि पदराने डोळे पुसत गेली.

ताटं तशीच राहिली होती. मी आवरली.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

हे बागेत जाताना कपाट उघडून बघून गेले. नेली नाही. बंद केलं आणि गेले. म्हणजे मीच काढावी, असं.

दुपारी काढली.


११ ऑक्टोबर, शनिवार

दौंड. दोघं. हे एसटीत खिडकीशी, करवत माझ्या मांडीवर. साखळी आणि ती जिच्यावर फिरते ती पट्टी काढून घरी ठेवली, लागू नये म्हणून. खरं तर तेवढं तरी घरी राहावं म्हणून.

दुरुस्ती केंद्र म्हणजे एक गाळा. काउंटरमागे चाळिशीचा माणूस, कामात मान वर नाही.

“काय झालं?”

“पाणी गेलं,” मी.

“पावसात?”

“मी धुतली,” हे म्हणाले. “नवमीला.”

त्याने मान वर केली. “काका, हे धुवायचं नसतं.”

“समजलं आता.”

“तुम्ही एकटे नाही. तीन आल्यात या आठवड्यात. एकाला तर नारळाचं पाणी पण पाजलंय.” हे हसले. आवाज न करता, पण हसले.

“द्या इकडं.”

मी दिली नाही. म्हणजे द्यायची होती. हात पुढे झाला, मूठ सुटली नाही. त्या माणसाने एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे पाहिलं. यांनी माझी बोटं एकेक करून काढली. घाई केली नाही. मग स्वतःच काउंटरवर ठेवली.

त्याने मशीन फिरवून पाहिलं. “स्क्रू गंजायला लागलेत. खोलताना तुटतील एखादवेळी. नवे टाकू ना?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे. मागे गिऱ्हाईक उभं होतं. काउंटरवाल्याने आपणच पावतीवर काहीतरी लिहिलं.

दिलं ते असं: करवत, साखळी व पट्टीशिवाय. बॅटरी एक, बिघडलेली. चार्जर एक. खोकंही मागितलं त्याने, दिलं. उंदराने खाल्लेला कोपरा तसाच, जानेवारी, सी. पावतीवर नाव यांचं, फोन माझा. सोमवारनंतर कळवतो म्हणाला, चालेल की नाही ते.

पावती यांच्या खिशात आहे. स्क्रूंचं त्याने काय लिहिलं ते मी वाचलं नाही.